दूध तुटल्यानंतरचे आठवडे

पाळीव सशाच्या पिल्लाचे पोट बिघडले की त्याचे कारण आदल्या दिवशी खाल्लेल्या एखाद्या पानात शोधण्याची प्रवृत्ती असते. परंतु चार ते दहा आठवड्यांच्या पिल्लांत दिसणाऱ्या बऱ्याचशा पचनविकारांची सुरुवात त्याहून आधी, म्हणजे आईच्या दुधावरून चाऱ्यावर येण्याची प्रक्रिया अर्धवट तुटली तेव्हाच, झालेली असते. दिल्लीत जामा मशिदीच्या परिसरातील कबूतर बाजारापासून नोएडा-गुरुग्राममधील पाळीव प्राण्यांच्या दुकानांपर्यंत ससा विकला जातो तो बहुधा पिल्लू असताना, कारण मुठीत मावणाऱ्या पिल्लाला गिऱ्हाईक पटकन मिळते आणि वाढलेल्या सशाला मिळत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीचे २०१८चे केंद्रीय नियम अशा दुकानांना राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची करतात. पण फुटपाथवरच्या टोपलीतून विकत घेतलेल्या पिल्लाचे खरे वय सांगणारा कागद घेणाऱ्याच्या हाती सहसा येत नाही, आणि उपचार करणाऱ्याला सर्वांत आधी हवी असते ती हीच माहिती.

वयाला इतके महत्त्व येण्याचे कारण पिल्लाच्या जठरात आहे. सशाची मादी पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, तेही चार-पाच मिनिटे, दूध पाजते, आणि म्हणून हे दूध विलक्षण दाट असते: त्यात स्निग्धांश आणि प्रथिने प्रत्येकी सुमारे १२-१३ टक्के, तर दुग्धशर्करा जेमतेम एक-दोन टक्के असते, याउलट गाईच्या दुधात दुग्धशर्करा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास आणि स्निग्धांश चार टक्क्यांच्या आतबाहेर असतो. पिल्लाच्या जठरात या दुधापासून ऑक्टॅनोइक आणि डेकॅनोइक ही मध्यम लांबीची मेदाम्ले सुटी होतात, आणि ती जिवाणूंची वाढ रोखतात. प्रौढ सशाच्या जठरातील आम्लता इतकी तीव्र असते (सामू १ ते २) की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जिवाणू तेथेच मरतात. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठराचा सामू मात्र ५ ते ६.५ असतो, म्हणजे आम्ल सौम्य असते आणि राखणीचे काम दुधातील मेदाम्लेच करतात. दूध बंद झाले की हे संरक्षण संपते, तर तीव्र आम्ल तयार होण्यास आणखी काही काळ जावा लागतो. या दोन संरक्षणांमधील फट शक्य तितकी अरुंद ठेवण्याची निसर्गाची रीत म्हणजे दूध हळूहळू कमी होणे आणि गवत हळूहळू वाढणे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू घन अन्न कुरतडू लागते, सहा ते आठ आठवड्यांपर्यंत दूध सुटते, आणि त्याच्याही आधी, घरट्यात असतानाच, आईने तेथे टाकलेल्या लेंड्या खाऊन ते तिच्या आतड्यांतील सूक्ष्मजीव आपल्या पोटात घेत असते. चौथ्या आठवड्यात आईपासून तोडलेल्या पिल्लाच्या बाबतीत ही फट एका दिवसात उघडते, आणि त्याच दिवशी त्याला प्रवास, गोंगाट, अनोळखी हात आणि अनोळखी खाद्य यांनाही तोंड द्यावे लागते.

ससा हा उंदीर-घुशींच्या कृंतक गणातील प्राणी नाही. १९१२ साली जे. डब्ल्यू. गिडली यांनी सशांचा शशवर्ग स्वतंत्र गण म्हणून वेगळा केला. त्याची पचनसंस्था गाईसारखी चार कप्प्यांच्या जठरावर नव्हे, तर मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या उंडुकावर, म्हणजे एका बाजूने बंद असलेल्या विस्तीर्ण पिशवीवर उभी आहे. संपूर्ण पचनमार्गात मावणाऱ्या द्रव्यापैकी सुमारे ४० टक्के या एका पिशवीत असते. लहान आतड्यातून आलेले अन्न मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात निवडले जाते: न पचणारे जाड तंतू पुढे ढकलले जाऊन काही तासांत कडक, कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात, तर बारीक कण आणि द्रव उलट्या दिशेच्या लाटांनी उंडुकात परत नेले जातात. तेथे सूक्ष्मजीव ते आंबवतात, त्यांपासून प्रथिने आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे तयार होतात, आणि हा माल मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर येताच ससा तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. या दुसऱ्या प्रकारच्या लेंड्यांचे वर्णन मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ मध्येच केले होते, तरी अनेक घरांत ही सवय आजही घाण किंवा आजार समजून मोडून काढण्याचा प्रयत्न होतो. त्यातून सशाचे नुकसानच होते.

या सगळ्या यंत्रणेला चालना देतात ते जाड, न पचणारे तंतू. त्यांचे प्रमाण घटले की मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते, उंडुकातील द्रव्य जास्त वेळ साचून राहते, आणि त्यातच पिठाळ किंवा गोड पदार्थ लहान आतड्यात न पचता तेथवर पोहोचले तर एरवी अल्पसंख्य असणारे क्लॉस्ट्रिडियम आणि ई-कोलाय गटांतील जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यांपैकी क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मी हा जिवाणू एक विष तयार करतो, ज्याने पाण्यासारखे जुलाब होऊन लहान पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकते. त्यामुळे पचन बिघडलेल्या पिल्लांत दोन वरकरणी विरुद्ध चित्रे दिसतात. एकात लेंड्या लहान होत होत बंद पडतात, पिल्लू पाठीला बाक काढून कोपऱ्यात बसते, दात करकरते आणि खाणे सोडते. यास आतड्यांची गतिमंदता म्हणतात. दुसऱ्यात शेपटीखालची लव ओली व चिकट होते, कधी नुसता जेलीसारखा बुळबुळीत आव पडतो आणि पोट तट्ट फुगते. मूळ बिघाड पुष्कळदा एकच असतो, आणि पहिल्या चित्रातून दुसरे उभे राहणे हे तर नेहमीचेच. पूर्वी गतिमंदतेचा दोष जठरात साठलेल्या केसांच्या गोळ्याला दिला जाई. निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच, आणि हालचाल मंदावून पाणी कमी झाल्यामुळे ते घट्ट होतात, असे आता मानले जाते. केसांचा गोळा हा बहुधा परिणाम असतो, कारण नव्हे.

दूध तुटण्याच्या वयातील ही नाजूक अवस्था बाजारी पिल्लांपुरती मर्यादित नाही. १९९६-९७ मध्ये फ्रान्समधील ससेपालन केंद्रांत दूध तुटलेल्या पिल्लांत पोटफुगी आणि आव अशी लक्षणे असलेली एक साथ उद्भवली आणि युरोपभर पसरली. पुढे तेथील संशोधकांना असे आढळले की दूध तुटल्यानंतरच्या आठवड्यांत खुराकाच्या गोळ्या मनसोक्त न देता सुमारे पाव हिश्शाने कमी दिल्या तर पचनविकार आणि मृत्यू दोन्ही घटतात. दिल्लीतील घरात या निष्कर्षाचा अर्थ पिल्लाला उपाशी ठेवणे असा नाही. गोळ्या, धान्य आणि गोड खाऊ मोजून द्यावा, गवत मात्र कधी मोजू नये, इतकाच तो आहे.

प्रत्यक्षात घडते ते नेमके उलटे. घरी आणलेल्या पिल्लाला गवताआधी पोळीचा तुकडा, ब्रेड, बिस्किट आणि हिवाळ्यात उत्तर भारतात मुबलक मिळणारे लाल गाजर मिळते. चित्रपुस्तकांतल्या सशाच्या हातात गाजर काढण्याची पद्धत याला थोडीफार जबाबदार असावी. गाजरात साखर पुष्कळ आणि जाड तंतू अल्प असतात, म्हणून वाढलेल्या सशालाही ते चवीपुरतेच द्यावे लागते. जुलाब सुरू झाले की दही किंवा पाणी घातलेले गाईचे दूध देण्याची घरगुती रीत तर दुग्धशर्करेची भर घालून उंडुकातील आंबण्याला खतपाणी घालते. दाण्याच्या दुकानात ‘सशाचा दाणा’ म्हणून कधी कधी कोंबडीखाद्य दिले जाते, आणि त्यातील धोका केवळ मका-सोयाबीनचा नसतो: कोंबड्यांना होणाऱ्या कॉक्सिडियाच्या रोगाला आळा घालण्यासाठी अशा खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या औषधांपैकी नरासिनसारखी काही सशाला विषारी ठरतात.

कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी सशाच्या पिल्लांतही जुलाबाचे एक मोठे कारण आहेत, आणि येथे दिल्लीचा ऋतू थेट आजारात उतरतो. आयमेरिया या प्रजातीतील काही जाती आतड्यात आणि एक जाती यकृतातील पित्तनलिकांत वाढते. लेंड्यांबरोबर बाहेर पडणारी त्यांची अंडीसदृश कोष्ठे लगेच संसर्गक्षम नसतात, तर ऊब आणि ओलावा मिळाल्यास एक ते चार दिवसांत पक्व होतात. मे-जूनच्या कोरड्या उष्णतेत, पारा ४५ अंशांकडे झुकत असताना, पिल्लाला धोका असतो तो उष्माघाताचा आणि पाणी कमी पडल्याने मंदावणाऱ्या आतड्यांचा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर त्या दिवसांत खरोखर उपयोगी पडतो. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर खोली फारशी थंड न करता ओलावा तेवढा वाढवतो, आणि पिंजऱ्याखालचा ओला पुठ्ठा परजीवींना पोसतो. फिनाइलने पुसल्यामुळे ही कोष्ठे मरत नाहीत; उकळते पाणी किंवा वाफ त्यांना मारते, पण त्याहून सोपा उपाय म्हणजे लेंड्या रोजच्या रोज उचलून टाकणे, कारण पक्व होण्याआधीच त्या पिंजऱ्याबाहेर गेल्या तर संसर्गाची साखळी तेथे तुटते. निदान लेंड्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने होते आणि टोल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातील औषधे वजनानुसार दिली जातात. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे, आणि ती न करता पाठोपाठ औषधे बदलत राहण्याला काही अर्थ नाही.

आजारी पिल्लाला सावरण्याचा क्रम समजून घेण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचे जठर निरोगी अवस्थेत कधीच पूर्ण रिकामे नसते, म्हणून बारा तास न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण असतो, आणि पिल्लाच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नये. पहिले काम उबेचे आहे. सशाच्या शरीराचे तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते. ते ३८च्या खाली गेलेले पिल्लू धक्क्याच्या अवस्थेकडे जात असते, आणि जानेवारीत, दिल्लीचा पारा रात्री चार-पाच अंशांवर असताना, बाल्कनीतील पिंजऱ्यात हे लक्षातही येत नाही. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी पिल्लाच्या एका बाजूला ठेवावी आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे नको वाटल्यास त्याला सरकता येते. उन्हाळ्यात मात्र हेच काम उलटे होते आणि आधी तापलेले पिल्लू सावकाश थंड करावे लागते.

दुसरे काम पाण्याचे. सशाची दिवसाची पाण्याची गरज किलोमागे सुमारे १०० मिलिलिटर धरली जाते, आणि जुलाब होत असतील तर त्याहून जास्त. पशुवैद्य कातडीखाली सलाइन देतात ते याच हिशेबाने, कारण आतड्यात पाणी उतरल्याखेरीज सुकलेला गोळा सैल होत नाही. तिसरे वेदनाशमन, ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भक्ष्य होणारा प्राणी दुखणे लपवतो, वेदनेमुळे आतडी आणखी थिजतात, थिजलेल्या आतड्यांत वायू साठून वेदना वाढते, आणि हे चक्र मेलॉक्सिकॅम किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने पशुवैद्याने तोडल्याशिवाय पिल्लू खायला तोंड उघडत नाही. मेलॉक्सिकॅम मात्र शरीरातील पाणी भरून निघाल्यावरच सुरक्षित असते, अन्यथा मूत्रपिंडाला इजा पोहोचते. माणसांसाठीची गोळी चुरून देणे म्हणूनच टाळावे.

आतड्यांची हालचाल वाढवणारी औषधे आणि हाताने भरवणे यांचा क्रम त्यानंतर येतो, आणि त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळावे लागते: मार्गात अडथळा तर नाही? अचानक आजारी पडलेले, पोट कडक फुगलेले, अंग गार पडत चाललेले पिल्लू भरवले तर जठर फाटण्याचा धोका असतो. रक्तातील साखर मोजणारे साधे यंत्र येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते, कारण साखर डेसिलिटरला ३६० मिलिग्रॅमच्या वर गेलेली असणे हे अडथळ्याचे सूचक मानले जाते. आजाराच्या नुसत्या ताणानेही ती वाढते, पण सहसा इतकी नाही. अडथळा नसल्याची खात्री झाल्यावर भरड तंतूंचे मिश्रण द्यावे. परदेशी बनावटीची तयार भुकटी दिल्लीत मिळते पण महाग पडते. तिच्या अभावी वाळलेल्या गवताची बारीक पूड आणि भिजवलेल्या चांगल्या गोळ्या एकत्र करून चालवून घेतले जाते. औषधाच्या दुकानात मिळणारी सुई काढलेली एक मिलिलिटरची पिचकारी पुढच्या दातांमागील मोकळ्या जागेतून, बाजूने, आत घालावी आणि थोडे देऊन पिल्लाने चावून गिळेपर्यंत थांबावे. पिल्लाला उताणे धरून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाते, आणि आतड्याच्या दुखण्यातून वाचलेले पिल्लू न्यूमोनियाने जाते.

प्रतिजैविकांविषयी येथे स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. भारतात अमॉक्सिसिलिनचे गोड सिरप घरोघरी उरलेले असते आणि ते लहान मुलांसाठी असल्यामुळे लहान प्राण्याला निर्धोक असेल असा समज होतो. सशात तोंडावाटे दिलेली अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही औषधे उंडुकातील उपकारक जिवाणू मारून क्लॉस्ट्रिडियमला मैदान मोकळे करून देतात, आणि ज्या जुलाबासाठी औषध दिले तोच जुलाब काही दिवसांनी प्राणघातक रूपात परत येतो. आवश्यकच असेल तेव्हा पशुवैद्य सल्फा-ट्रायमेथोप्रिम किंवा एन्रोफ्लॉक्सासिन यांसारखी तुलनेने सुरक्षित औषधे निवडतात. दह्यातील लॅक्टोबॅसिलस हा सशाच्या आतड्यातील प्रमुख जिवाणू नसल्याने त्याच्या भुकटीवर फार भिस्त ठेवता येत नाही. त्यापेक्षा निरोगी, तपासलेल्या प्रौढ सशाच्या मऊ लेंड्या पिल्लाला खाऊ घालणे, किळसवाणे वाटले तरी, तर्काला धरून आहे, कारण आई घरट्यात जे करत होती त्याचीच ती पुनरावृत्ती आहे.

हे सर्व करू शकणारा पशुवैद्य मिळणे ही राजधानीतही सोपी गोष्ट नाही. भारतातील पशुवैद्यक शिक्षण गुराढोरांभोवती उभे राहिले. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था १८८९ मध्ये पुण्यात जन्मली ती जनावरांच्या साथींच्या अभ्यासासाठी, आणि सशांवरील संशोधन राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत झाले ते लोकर आणि मांस यांच्या दृष्टीने. घरातील एका पिल्लाला वाचवण्याचे शास्त्र या दोन्ही परंपरांत परके आहे. दिल्लीत राजा गार्डनचे १९८०पासूनचे संजय गांधी पशुचिकित्सा केंद्र आणि डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालचे फ्रेंडिकोज ही धर्मादाय ठिकाणे ओळखीची आहेत, आणि लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्षी रुग्णालयात, पक्ष्यांसाठी असूनही, शाकाहारी म्हणून सशालाही आसरा मिळतो. खासगी दवाखाना निवडताना तेथील डॉक्टर ससे नियमित पाहतात का, हे पिल्लू धडधाकट असतानाच विचारून ठेवलेले बरे. अरवलीच्या टेकड्यांत किंवा शेतात सापडलेल्या रानसशाच्या पिल्लाची गोष्ट निराळी: ते जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचे असते, एकटे दिसले तरी सोडून दिलेले नसते, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याला घरी नेता येत नाही.

धोका टळल्यानंतर पिल्लाला उभे करते ते गवत, आणि कोणते गवत याचे उत्तर दिल्लीच्या आसपासच्या शेतीतून काढावे लागते. इंग्रजी पुस्तकांत शिफारस असलेले टिमोथी हे थंड प्रदेशातील गवत उत्तरेच्या मैदानात पिकत नाही आणि आयात केलेले पाकीट सर्वांना परवडत नाही. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याचा मुख्य हिरवा चारा बरसीम आहे. तो रसाळ, प्रथिनांनी आणि कॅल्शियमने समृद्ध असतो, गाईगुरांचेही पोट फुगवतो, आणि पोट नुकते सावरलेल्या पिल्लाला हिरवा बरसीम देणे म्हणजे आजाराला परत बोलावणे होय. त्याच शेतांत पिकणारी जई, म्हणजे ओट, फुलोऱ्याच्या सुमारास कापून सावलीत वाळवली तर टिमोथीची उणीव बरीचशी भरून निघते. गव्हाचा भुसा जाड तंतू पुरवतो पण पोषण देत नाही आणि धुळीने नाकाला त्रास देतो. दूब, म्हणजे महाराष्ट्रातील हरळी, गणेशोत्सवात दिल्लीतील मराठी घरे जिच्या जुड्या शोधत फिरतात तीच, हा पिल्लासाठी उत्तम चारा आहे. मात्र ती रस्त्याच्या दुभाजकावरची किंवा कुत्री फिरवल्या जाणाऱ्या बागेतली नसावी, आणि आरंभी वाळवून द्यावी. पावसाळ्यात साठवलेल्या गवताला बुरशीचा वास आला तर ते धुऊन-वाळवून वापरण्याचा मोह टाळून सरळ टाकून द्यावे.

सुधारणेची नोंद स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवता येते: वाढत्या पिल्लाचे वजन रोज एकाच वेळी करावे, आणि ते सलग दोन दिवस घटले किंवा अडून राहिले तर लेंड्या चांगल्या दिसत असल्या तरी पुन्हा तपासणी करून घ्यावी. पहिल्या लेंड्या लहान, वेड्यावाकड्या आणि केसांनी माळेसारख्या ओवलेल्या असतात. हळूहळू त्या मोठ्या, एकसारख्या आणि बोटांनी चुरडल्यावर गवताचा भुगा दिसणाऱ्या होतात. मऊ लेंड्या न खाता पिंजऱ्यात पडून राहत असतील तर खुराक अजून जड होत आहे असे समजावे. निदान दोन आठवडे केवळ वाळलेले गवत, पाणी आणि मोजक्या गोळ्या यांवर गेल्यानंतर कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला यांपैकी एकच पाला, एका दिवशी एक-दोन पाने, असा सुरू करावा, तीन-चार दिवस लेंड्या पाहाव्यात आणि मगच दुसरा पाला आणावा. फ्लॉवर आणि कोबीची पाने वायू करतात म्हणून त्यांना सर्वांत शेवटी जागा द्यावी. कॉक्सिडियावर उपचार झालेल्या पिल्लाच्या लेंड्या औषध संपल्यावर पुन्हा तपासाव्यात, आणि कोष्ठे रोज सारखी पडत नसल्याने एका नकारात्मक अहवालावर न थांबता आठवडाभराने आणखी एक नमुना द्यावा, विशेषतः त्या घरात दुसरा ससा असेल आणि पावसाळा संपायला वेळ असेल तेव्हा.